रंगसूचनांसकट

आमच्या बाबांचं आणि सुरांचं कधी जमलंच नाही. कुणाच्या वाढदिवसाला सगळे गायला लागले की ते मागे सरकून नुसते ओठ हलवतात. आपण गायलो तर केक आंबेल, असं त्यांचं म्हणणं. आणि अशा माणसाची एकुलती एक मुलगी, म्हणजे मी, विद्यापीठात संगीत नाटक शिकायला गेले. आई म्हणाली, "हे खूळ माझ्या माहेरून आलं असेल. तुमच्याकडून येणं शक्यच नाही." बाबांनी लगेच मान्य करून टाकलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. सत्तावीस वर्षं हेच काम. नखांतलं काळं ग्रीस आता साबणाला दाद देत नाही, त्यांनीही त्याचा नाद सोडलाय. आमच्या विभागात श्वास वाढावा म्हणून चार मजले जिने चढत गायला लावतात, हे मी घरी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "लिफ्ट बंद आहे का तुमच्याकडे? मी येऊन बघू?" हा व्यायाम असतो, हे त्यांना पटायला दोन दिवस लागले.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी मी परीक्षेत आपटले. संगीत नाटकात सगळ्यात अवघड काय, तर बोलता बोलता गायला लागणं. आवाजाच्या बाई त्याला 'सांधा' म्हणायच्या. सांधा दिसता कामा नये, वाक्य संपतं कुठे आणि गाणं सुरू होतं कुठे हे प्रेक्षकाला कळता कामा नये. माझा सांधा दिसणं तर सोडाच, मी त्याच्या अलीकडेच उभी राहायचे. बोलणं उत्तम, गाणंही उत्तम. मध्ये मात्र गळ्याला बूच. परीक्षेत पियानोवाल्यांनी सुरुवातीचे सूर चार वेळा वाजवले आणि मी चारही वेळा त्यांच्याकडे बघत राहिले. निकालात लिहून आलं की सहा आठवड्यांनी एक संधी मिळेल. तीही गेली तर नाव कमी.

मग स्वयंपाकघरात तालमी सुरू झाल्या. माझा प्रवेश साधा होता. एक बाई आपलं दुकान कायमचं बंद करतेय, घरमालक किल्ली घ्यायला आलाय. ती खिडकीशी जाते आणि गाते. घरमालकाची वाक्यं वाचायला बाबा. कामावरून यायचे, हात धुवायचे, चष्मा लावायचे आणि बिल वाचावं तसं वाचायचे, "किल्ली टेबलावर ठेव आणि जा. ती खिडकीशी जाते. थांबते. गाते."

"बाबा, रंगसूचना वाचायच्या नसतात हो! त्या मला कळायला लिहिलेल्या असतात."

"लिहिलंय ना? मग वाचायला नको?"

मी चिडचिड करायचे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे सगळं घर जाणून आहे. एक दिवस आई कणीक मळता मळता म्हणाली, "ओरडू नकोस त्यांच्यावर. लिफ्टमध्ये कुणी अडकलं ना, की ते असंच बोलतात. मी पाहिलंय. दाराला तोंड लावून, एका सुरात. आता कुलूप काढतोय, आता खटका ऐकू येईल, आता थोडी हलेल. आतल्याला पुढचं आधी कळलं की तो घाबरत नाही म्हणे." गंमत म्हणजे स्वयंपाकघरात मी एकदाही अडकत नव्हते. त्या सपाट 'गाते' नंतर मी गायचेच.

परीक्षेला समोरची वाक्यं वाचायला आपला माणूस आपण न्यायचा असतो. माझ्याबरोबर एक वरच्या वर्गातली मुलगी येणार होती. त्या सकाळी तिचा फोन आला, ताप एकशे दोन. मी फोन आदळला.

"मी येऊ?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही? तिथे?" मी म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला आजही नकोसा होतो. बाबा आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, एवढंच.

परीक्षेची खोली म्हणजे आमचं रेकॉर्डिंगचं दालन. भिंतींना जाड गाद्या, दाराला चारी बाजूंनी रबर. दार लावलं की बाहेर कुणी ढोल बडवला तरी आत ऐकू येत नाही. टेबलामागे मुख्य परीक्षक आणि आवाजाच्या बाई, कोपऱ्यात पियानोवाले, आणि खिडकी म्हणून उभी केलेली एक रिकामी चौकट. बाबा खुर्चीच्या टोकाशी बसले आणि सुरू झाले. "घरमालक दाराशी येतो."

परीक्षकांनी हात वर केला. "फक्त वाक्यं वाचा. रंगसूचना नकोत."

"बरं, साहेब."

पुन्हा सुरुवात. बाबांनी यावेळी फक्त वाक्यं वाचली, अगदी जपून. "किल्ली टेबलावर ठेव आणि जा." मी खिडकीशी गेले. थांबले. पियानो वाजला. पुन्हा वाजला. बूच जागच्या जागी. सहा आठवडे पाण्यात गेले असं वाटलं, आणि तेवढ्यात मागून शांत, सपाट आवाज आला, "गाते."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे सांगणं झालं. असं चालत नाही. तुम्ही बाहेर थांबा. पियानोवाले वाचतील तुमची वाक्यं. ही शेवटची वेळ."

बाबा उठले. कागदाची घडी घातली. सत्तावीस वर्षांत कामात कधी एक नियम न मोडलेला माणूस तो. माझ्याजवळून जाताना एवढंच पुटपुटले, "घोटाळा केला गं मी, बाळा." दार त्यांच्यामागे बंद झालं.

मला परीक्षकांचा राग आला, बाबांचा आला, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. प्रवेशाची सुरुवात नकोच, शेवटची दोन वाक्यं घ्या, असं परीक्षक म्हणाले. पियानोवाल्यांनी घरमालक असा काही वाचला की जणू त्यांचीच किल्ली हरवलीय. मी खिडकीशी गेले. डोक्यात एकच गोष्ट होती. आज मी नापास झाले तर हा माणूस जन्मभर म्हणेल, 'माझ्यामुळे झाली.' चूक माझी, आणि भरणार ते. हे काही मी होऊ देणार नव्हते.

तोंड कधी उघडलं ते कळलं नाही. पहिला सूर जरा थरथरला. पण सांधा? सांधा कुठे होता कुणास ठाऊक. गाणं संपलं तेव्हा आवाजाच्या बाई रुमाल शोधत होत्या. परीक्षक वर न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षाचा अर्ज भरून टाका."

मी दार ओढलं आणि बाबांवर आदळता आदळता राहिले. ते दाराला जवळजवळ नाक लावून उभे होते. शेजारी स्टुलावर शिपाईमामा तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होते.

"कधीपासून दाराशी बोलतायत," मामा मला म्हणाले. "मी सांगितलं, आत काही जात नाही. ऐकायलाच तयार नाहीत."

"असेल एखादी फट," बाबा म्हणाले. "बोलावलं का मला? सुरू नाही ना केलंस अजून?"

ते पहिल्या ओळीपासून, सावकाश, रंगसूचनांसकट वाचत होते. मी गाऊन बाहेर आले होते आणि बाबा अजून गाण्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

"कुठवर आलात?" मी विचारलं.

"किल्लीपर्यंत."

"वाचा मग."

"किल्ली टेबलावर ठेव आणि जा," बाबांनी वाचलं. "ती खिडकीशी जाते. थांबते." आणि एकदम ओठ मिटून घेतले. पुढच्या त्या एका शब्दापायीच तर परीक्षकांनी त्यांना बाहेर काढलं होतं ना.

मी तिथे, त्या कॉरिडॉरमध्ये, मामांच्या स्टुलापाशी गायले. अख्खं गाणं.

"अशीच म्हण आत," बाबा म्हणाले. "अगदी अशीच."

"म्हटलं, बाबा. झालं. पास झाले मी."

"माझ्याशिवाय?"

"तुमच्याशिवाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग कागदाची आणखी एक घडी घातली, तो खिशात टाकला, चष्मा काढला, आणि मामांनी रिकाम्या केलेल्या स्टुलावर बसले. त्यांचा आवाज हलताना मी पहिल्यांदाच ऐकला.

"परत म्हण ना एकदा," ते म्हणाले. "वाचायचं असलं की ऐकायचं राहून जातं गं."