पिंपावरची पाटी

हरिदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात इंग्रजी शिकवत होते. पावणे गावातल्या त्याच्या कारखान्यात वायू गळला, एवढंच पलीकडचा बोलला... दीड महिना झाला, माझा राग तसूभरही उतरलेला नाही. चौकशीच्या कागदात काय लिहिलंय म्हणे? ‘धोक्याची सूचना ठळक लावलेली होती.’ होती ना! इंग्रजीत. ‘हॅझर्ड’.

हरिदादा माझा मावसभाऊ, घणसोली गावातला, सातवी शिकलेला. दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या पिंपावरचा तो शब्द तळहातावर पेनानं उतरवून माझ्याकडे आला. मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, “धोका.”

“धोका त दिसतंय गो बाय, कवटी काढलीय. पन आमी करायचं काय?”

डिक्शनरी काढली, तिच्यात याचं उत्तर नव्हतं. शरमच वाटली. मग त्याला समजावलं, संकट अंगावर आलं की डेंजर, पिंपात गप्प बसलंय तोवर हॅझर्ड. तो म्हणाला, “मंग गप बसलंय तवाच सांगाया नको?”

सुपरवायझरच्या मागे लागून त्यानं पिंपात काय आहे ते विचारून आणलं, आणि मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर आम्ही दोघांनी मराठीत लिहिलं: झाकण उघडू नका. वास घेऊ नका. डोळे चुरचुरले की सगळं टाकून बाहेर पळा. पिंपामागच्या भिंतीवर आठ दिवस राहिली ती पाटी. परदेशी पाहुणे येणार, भिंत घाण दिसते, म्हणून साहेबांनी फाडली! माणसं मेलेली चालतात, भिंत घाण चालत नाही! मी भांडायला निघाले तर हरिदादानंच अडवलं. “राहू दे. मी हाय ना, पोरांना तोंडानं सांगन.”

आणि सांगत राहिला. त्या दुपारी “बाहेर पला” म्हणून ओरडत चौघांना त्यानं ढकलून बाहेर काढलं... स्वतः आतच राहिला.

परवा कारखान्यातून त्याच्या कपाटातलं सामान त्याच्या घरी आलं. डबा, चपला, आणि डब्याखाली ती पाटी. चारही तुकडे त्यानं उचलून जपून ठेवले होते. मी ते चिकटपट्टीनं जोडले, म्हटलं देवघराजवळ लावू. वहिनी भडकली.

“घरात कोनाला वाचायची हाय? तिथं लाव.”

उद्या आम्ही दोघी पावण्याला जातोय. आता फाडून दाखवा म्हणावं.