वन्संची ओटी

आमच्या वन्सं कधी म्हणजे कधीच वेळेवर आल्या नाहीत. जेवायला बोलवावं, तर ताटं उचलताना दारात उभ्या आणि वर हसून, "स्वल्प उशीर झाला, सरी ना?" सरी ना, म्हणजे चालेल ना; तीन पिढ्या बंगळूरमध्ये मुरलेल्या घराची ती कानडीमिश्रित भाषा. साताऱ्याहून लग्न होऊन आलेली मी आधी चिडायचे, मग मलाही हसू यायचं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन तिशीत विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. माझं तिसरं मूलही सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता पुन्हा नको. दुसऱ्या बाईच्या पोटात आमचं मूल वाढवायची नवी सोयही त्यांनीच सुचवली. दोन अनोळखी बायका भेटून गेल्या. मला त्यांच्याकडे धड बघवेना. मटार सोलत बसलेल्या वन्सं म्हणाल्या, "परक्याच्या दारी कशाला जातेस? मी आहे की."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांना म्हणावं, स्वल्प थांबा."

लोक कसले थांबतात! मल्लेश्वरमच्या बाजारात ओळखीच्या बायका वन्संचं वाढतं पोट पाहून रस्ता ओलांडायच्या. वन्सं म्हणायच्या, "बरंच झालं. गप्पांत वेळ जायचा, आता वेळेवर पोचते." आणि खरंच, डॉक्टरांकडची एकही वेळ त्यांनी चुकवली नाही. मी दुपारभर त्यांच्या पोटावर हात ठेवून बसायचे. हालचाल थांबली की मी त्यांना हलवून विचारायचे. "झोपलंय गं. तुझ्यासारखं भित्रं नाहीये ते."

सातवा लागला. सासूबाईंनी ओटीचा घाट घातला. वन्सं नवं पातळ नेसून चक्क तासभर आधी आल्या. पण विधवेची ओटी कोण भरणार? सासूबाई, म्हणजे त्यांची सख्खी आई, मला म्हणाल्या, "मूल तुझं, पाटावर तूच बस." मी बसले. माझ्या रिकाम्या पोटापुढच्या पदरात नारळ पडला, तांदूळ पडले. वन्सं स्वयंपाकघराच्या दाराला धरून बघत होत्या. मला उठता आलं असतं. पण काही अपशकुन झाला तर, या भीतीनं मी उठले नाही.

मुलगी झाली. माझ्या हातात देताना वन्सं म्हणाल्या, "घे बाई, वेळेवर पोचवली." बारशाला मात्र त्या आल्या नाहीत. मुलीच्या कानात नाव दुसऱ्याच कुणी आत्यानं सांगितलं.

ओटीच्या दिवशीचं ते स्वयंपाकघराचं दार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मुलगी पहिलीत असताना वन्सं हृदयविकारानं गेल्या. बायका म्हणाल्या, हिची ओटी भरायची नसते. मी आत जाऊन तांदूळ, नारळ, खण घेऊन आले आणि त्यांच्या पोटावर ठेवले. कुणीतरी "अगं, अगं" म्हणालं.

"वन्सं," मी म्हणाले, "स्वल्प उशीर झाला." सरी ना, असं विचारायचं मात्र धाडस झालं नाही.