नावाची भांडी आणि खालच्या काकू

एकदा दान केलेली वस्तू पुन्हा घरी येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरापर्यंत आमच्या खालच्या काकू अजून पोचलेल्या नाहीत, एवढंच म्हणता येईल. पेणपासून रोह्यापर्यंत असं क्वचितच एखादं घर असेल, ज्यानं मोठ्या मनानं एखादी परात किंवा डबा मदतीच्या दुकानात दिला आणि पंधरा दिवसांत तोच डबा, वालांनी भरून, खालच्या काकूंच्या हातून दारात परत आलेला पाहिला नाही.

खालच्या काकू म्हणजे पेणच्या रामवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू. त्यांना सगळी इमारत याच नावानं हाक मारते. त्यांच्याही खाली राहणारं कोणी नसल्यामुळे हे नाव कायमचं झालं. वाणी आणि दूधवालाही त्यांना खालच्या काकूच म्हणतात. त्यांचं दुसरं एखादं नाव असेल, हे मला तेवीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. माहेर वडखळच्या पलीकडे, मिठागरांच्या बाजूला. काका गेल्यापासून एकट्या राहतात, आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाच्या पावलांवरून तो कोण आणि त्याचं काय बिनसलंय हे ओळखतात. मी फारशी बोलत नाही. लहानपणापासून कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. काकू मात्र थांबतात. थांबतात म्हणजे माझ्या वाट्याचंही त्याच बोलतात.

मदतीचं दुकान एका महिला मंडळाचं आहे. एक पेणमध्ये, एक रोह्यात. लोकांनी घरातल्या नको झालेल्या वस्तू आणून द्यायच्या, दुसऱ्यांनी त्या स्वस्तात न्यायच्या, आणि त्यातून विशेष मुलांच्या शाळेची रिक्षा चालायची. ती रिक्षा आली नाही तर ती मुलं घरीच बसतात, इतका साधा मामला. मी शनिवारी तिथे कपड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागले, कारण घड्या घालताना बोलावं लागत नाही. पहिल्याच शनिवारी माझ्यामागून काकू आत शिरल्या आणि भांड्यांच्या फळीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अगो, ही एवढी माणसं इथं काय करतायत?"

त्यांना माणसं म्हणजे भांड्यांवरची नावं म्हणायची होती. काकूंच्या मते नाव घातलेलं भांडं म्हणजे हरवलेलं भांडं. मालकानं ते आपण होऊन दिलं, गठ्ठ्यात बांधून, हुश्श करून दिलं, हे सांगून काही उपयोग होत नसे. "भांडं दिलंन तिनं. नाव कुठं दिलंन?" असं त्या विचारत, आणि याचं उत्तर अजून कोणाला सापडलेलं नाही. मग त्या ते भांडं रीतसर विकत घेत आणि मालकाला शोधायला निघत. रिकामं भांडं परत करायचं नाही, म्हणून त्यात घरचे वाल भरत. आणि त्यांची शाळा तिसरीपर्यंतची, चष्मा नेहमी घरी, म्हणून नावं वाचायला मला बरोबर घेत.

ही निवड चुकली. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली मराठी अक्षरं वाचणं माझ्या शाळेनं मला शिकवलं नव्हतं. आमची पहिली परात निडीची होती. तिच्यावरचा मजकूर अर्धा झिजला होता. मी उन्हात तिरपी धरून वाचलं, "सरवाराम... यांजकडून. मुक्काम निडी."

"सरवाराम?" काकू म्हणाल्या. "आणि आडनाव?"

"यांजकडून."

काकूंनी परात उलटी करून बघितली. "आपल्यातलं नाय वाटत," त्या म्हणाल्या. "गुजराती असतील."

रोह्याच्या गाडीनं आम्ही निडीला उतरलो. काकूंनी परात डोक्यावर घेऊन सगळ्या गावात "सरवारामशेठ यांजकडून कुठं राहतात हो?" अशी चौकशी केली. मी चार पावलं मागून, त्यांची नसल्यासारखी चालत होते. शेवटी पारावरच्या एका म्हाताऱ्यांनी परात हातात घेतली, अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, "सखाराम हाय तो. ख हाय, ख! पोरी, र आणि व येगळे नसतात गो ते." मग खजील होऊन म्हणाले, "आणि तो मीच." त्यांच्या भाच्याच्या लग्नात त्यांनीच दिलेली परात भाच्यानं दुकानात टाकली होती. सखारामबुवांनी वाल ठेवून घेतले आणि परात दुसऱ्या दिवशी रोह्याच्या दुकानात नेऊन दिली. पेणच्या काकूंना ती तिथे दिसणार नाही, हा त्यांचा हिशेब. पण काकू दर गुरुवारी रोह्याला जातात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या परातीनं त्या वर्षी माझ्यापेक्षा जास्त रेल्वेप्रवास केला. चौथ्या खेपेला बुवांनी दार किलकिलं करून विचारलं, "नुसते वाल ठेवून गेलात तर नाय चालायचं का?"

रोह्याचा प्रसंग याहून वाईट. एका वहिनींनी नणंदेनं दिलेला लाडवांचा डबा दुकानात दिला होता. काकू तो घेऊन गेल्या, तेव्हा नणंद तिथेच झोपाळ्यावर बसली होती. काकूंनी डबा पुढे केला आणि मला फर्मावलं, "वाच." मी वाचलं. या वेळी एकही अक्षर चुकलं नाही, हे माझं दुर्दैव. "सौ. कुंदा यांजकडून वहिनीस सप्रेम."

"वैनी," झोपाळा थांबवून कुंदाताई म्हणाल्या, "सप्रेम म्हटलं होतं मी."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. काकूंनी मात्र झोपाळ्यावर जागा करून घेतली, दोघींना चहा टाकायला लावलं आणि दोन तासांनी दोघींनाही रडवून, हसवून, वालांचं बिरडं कसं करायचं यावर भांडायला लावून बाहेर पडल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "बघ. डब्यात किती अडकलं होतं."

तरी एकदा, वडखळच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावात, आम्ही कबड्डीचा उपविजेत्याचा कप परत केला. दार उघडणारे आजोबा काठी टेकत आले. कप पाहून त्यांनी काठी भिंतीला लावली, दोन्ही हातांनी तो घेतला आणि आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाले, "सुनेनं दिला असंल. मी म्हटलं, मीच कुठं ठेवला." निघताना त्यांनी वालांच्या बदल्यात कपभर मीठ दिलं. गाडीत काकूंनी ते मीठ पदराच्या टोकाला बांधलं आणि घर येईपर्यंत त्या ती गाठ मुठीत धरून बसल्या. 

पण असा कप एक आणि कुंदाताई अनेक. लोक मंडळाच्या दुकानात काही द्यायला घाबरू लागले. भांड्यांच्या फळीवर नवं काही येईना, मग कपड्यांच्याही, आणि एका महिन्यात रिक्षा आठवडाभर उभी राहिली. दुकान सांभाळणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी निर्णय घेतला, की येत्या शनिवारी नावं घालणाऱ्याला मशीन घेऊन बोलवायचं आणि जमा असलेल्या सगळ्या भांड्यांवरची नावं घासून काढायची. यापुढे नाव असलेलं भांडं फळीवर येणारच नाही. "आणि हे त्यांना तू सांगायचंस," बाई मला म्हणाल्या. "तू कमी बोलतेस. तुझं त्या ऐकतील."

मी वाक्य जुळवायला सोमवारी सुरुवात केली. शुक्रवारी ते तयार झालं. खाली गेले, काकू वाल सोलत होत्या, आणि मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नावं राहिली तर रिक्षा राहणार नाही, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं त्या भांडतील. त्यांनी सालं पदरातून झटकली, फडताळातून एक पितळी तांब्या काढला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यावर ठसठशीत अक्षरांत त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं. "त्याच्या खालचं वाच," त्या म्हणाल्या.

खाली काही नव्हतं. नुसता घासून गुळगुळीत झालेला पट्टा.

"माज्या बापानं घातलेलं व्हतं तिथं. लग्नात मला दिला तवा माजं नाव व्हतं. सासरी नाव बदललं. तांदळात लिवलं, माज्या कानात सांगितलं, झालं. मग सासूबाई म्हणल्या, भांड्यावर जुनं कशाला? घासून घेतलं." त्या थोड्या हसल्या. "नवं नाव पण कुणी हाकारलं नाय फारसं. आधी सूनबाई, मग अमक्याची आई, आता खालची."

 मग शाळेत शिकलेली एकच उपयोगी गोष्ट आठवली. झाडाच्या पानावर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, की शिरा उमटतात. मी वरून कागद आणि पेन्सिल आणली, कागद त्या पट्ट्यावर ताणून धरला आणि हलक्या हातानं घासत गेले. आधी सगळं करडं झालं. मग त्या करड्यात पांढरे ठिपके दिसू लागले. एक स. मग र आणि व. मी थांबले. र आणि व वेगळे नसतात.

"स-खू," मी वाचलं.

"व्हय," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा वाल सोलायला बसल्या. पण वाल सालांत आणि सालं पातेल्यात पडत होती.

शनिवारी नावं घालणारा मशीन लावून बसला, तेव्हा काकू तांब्या मांडीवर घेऊन त्याच्यासमोर हजर होत्या. बाईंचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, "खोड की. रिक्षा चालली पायजे. पण आधी ही वाचील, मग तू खोड." म्हणून मी वाचू लागले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर, मोठ्यानं. पार्वती. दगडू. सौ. कुंदा यांजकडून, हा डबा वहिनींनी पुन्हा दिला होता, या वेळी नणंदेला विचारून. आणि प्रत्येक नावाला काकू खणखणीत आवाजात "ओ" देत होत्या. दगडूलाही. पहिल्या पाच-सहा नावांना सगळे हसले. मग हळूहळू मंडळातल्या बायकाही "ओ" देऊ लागल्या, आणि मशीनचा आवाज त्यांत बुडाला.

सगळ्यात शेवटी मी घडी केलेला कागद उघडला. मोठ्या माणसाला असं एकेरी हाकारायचं नसतं, पण मी हाकारत नव्हते, वाचत होते. "सखू."

"ओ" आला नाही. मी पुन्हा वाचलं. तेव्हा अगदी बारीक आवाजात, लांबून कुणीतरी धावत येत असल्यासारखा, तो आला.

नावं घालणाऱ्यानं तांब्या हातात घेतला. "हे पण खोडायचं?"

"नाय. सासऱ्यांचं राहू दे. त्याच्याखाली हे घाल."

"सखू... कोणाकडून घालू?" त्यानं सवयीनं विचारलं. भांड्यावर नेहमी कोणाकडून तरी असतंच.

"कुणाकडून नाय," काकू म्हणाल्या. "नुसतंच घाल."

तो तांब्या आता त्यांच्या खिडकीत असतो. इमारत त्यांना अजून खालच्या काकूच म्हणते, आणि मीही. सवय जात नाही. परवा मी जिना उतरत होते, तेव्हा त्या तो चिंचेनं घासत होत्या. माझ्या पावलांवरून मला ओळखून, मागे न बघताच म्हणाल्या, "मी गेले ना, की हा दुकानात नेऊन दे हां गो. बघू, परत आणून द्यायला कोण येतंय."