आवळीखालचं जेवण

बहात्तरचा दुष्काळ सरला त्यानंतरची गोष्ट. नवरा गेला, मुलगा नागपूरला नोकरीला लागला, आणि मी वर्ध्याचं भाड्याचं घर सोडून हिंगणीच्या शिवारात, आमच्या भाजीच्या वावरातल्या खोपडीत राहायला आले. गावात पाय ठेवत नव्हते. लोकांनी हळहळावं आणि मी मान खाली घालून ऐकावं, हे मला जमणारं नव्हतं. दिवसदिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. कधी गाईवर डाफरले तर स्वतःच्याच आवाजानं दचकायचे. संध्याकाळ तर खायला उठायची.

अशात कार्तिकात गावातल्या चार-पाच बाया गंज-पातेली, गोवऱ्या, टोपली डोक्यावर घेऊन थेट माझ्या बांधावर आल्या. पुढं एक थोराड बाई होती, सेलूच्या बाजारात भाजी विकणारी.

"ताई, तुमच्या आवळीखाली सयपाक करून राह्यलो. तुमी बी या."

आवळीभोजन मला ठाऊक होतं. कार्तिकात आवळीखाली रांधायचं, झाडाला नैवेद्य दाखवायचा आणि तिथंच जेवायचं. पण विधवेला कोण बोलावतं? मनात पाल चुकचुकली.

"मले काऊन? मी कुंकवाची नाई."

"जेवाले कुंकू लागते काय?" असं म्हणून ती चूल मांडायला लागली.

म्हटलं, असं आहे तर. हिचा दीर हिंगणीजवळच्या धरणाच्या बाजूनं विकत घ्यायला जमीन पाहत फिरतो, हे कानावर होतं. वावरच मागायचं असेल. नाहीतर वांग्यांवर डोळा असेल. मी गेले, पण जेवायला नाही, राखणीला. वांग्यांच्या वाफ्याकडे तोंड करून बसले. त्यांनी निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजले, भाजी केली. वांगी घरूनच आणली होती. त्यातही मला काळंबेरं दिसलं. भाजीत मीठ कमी आहे, असं फटकन बोलले, तर थोराड बाईनं मिठाची पुडीच माझ्या हातात दिली.

"घाला मंग."

घातलं. दुसरं काय करणार?

पुढच्या वर्षी आल्या, त्याच्या पुढच्याही वर्षी आल्या. आता जमिनीचं काढतील, आता काढतील, म्हणून मी टपून असायचे. काढेनात. केसानं गळा कापणाऱ्या अशाच गोड असतात, असं मनाला बजावायचे. आणि दसरा झाला की आवळीखालची जागा मात्र सारवून ठेवायचे.

एका पावसाळ्यात वादळानं आवळी मुळासकट पाडली. म्हटलं, झालं. झाड गेलं, आता बाया कशाला येतात? त्यांचं काम संपलं. राग आला तो स्वतःचाच, कारण मला रडू आवरत नव्हतं.

कार्तिकात त्या आल्याच. हात मात्र रिकामे होते.

"चला ताई, गावात."

गेले. मारुतीच्या देवळामागं, त्यांच्या घरांना लागूनच एक आवळी होती. माझ्या झाडाच्या दुप्पट. खाली चूल मांडलेली.

"हे झाड कवापासून हाय?" मी विचारलं.

"आमच्या सासूच्या येळपासून."

"मंग इतके वर्स गोवऱ्या डोक्यावर घेऊन माह्या वावरात काऊन येत होत्या?"

थोराड बाई चूल फुंकत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"तुमी गावात येत नव्हत्या ना," ती म्हणाली, आणि मिठाची पुडी माझ्याकडे सरकवली.