पदरात गुंडाळलेला उजवा हात

निरोप आला तेव्हा मी शाळेत सहावीच्या वर्गावर होते. शिपाई दारात घुटमळला. "बाई, पुण्याच्या दवाखान्यातनं फोन हुता... गाण्याच्या बाई गेल्या." आमच्या सोनईत 'गाण्याच्या बाई' म्हटलं की पुढं आडनाव लावावं लागत नसे. मालतीबाईंना जाऊन आता महिना होऊन गेला, तरी गुरुवारी संध्याकाळी पाय आपोआप गाण्याच्या तालमीकडे वळतात.

बाई मूळच्या ख्याल गाणाऱ्या. पुण्यात गुरूंकडे कसून तालीम झालेली, रेडिओवर गाणं, नाव होऊ लागलेलं. नव्वदच्या सुमारास यजमानांना इथल्या कॉलेजात नोकरी लागली आणि बाई तानपुऱ्यासकट सोनईत आल्या. आता ह्या आपल्याला नाकं मुरडणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. महिला मंडळानं त्यांना गायला बसवलं, तेव्हा त्यांनी गंमत म्हणून जात्यावरची ओवी घेतली. दुसऱ्या ओळीला आमच्या बायका कुणी न सांगता मागून सुरू झाल्या. विहाराशेजारच्या शकूबाईंचा आवाज तर सगळ्यांच्या वर! बाई गायच्या थांबल्या आणि ऐकतच राहिल्या. घरी जाताना मला म्हणाल्या, "एकटीचं गाणं खूप झालं. मला हे हवंय."

गुरूंना कळलं तेव्हा ते कडाडले, "ख्याल सोडून कोरस हाकणार? गुरं हाकतात तसा?" तो शब्द बाईंना फार लागला. पण त्या वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या, करून दाखवणाऱ्यातल्या होत्या. लगेच तालमी सुरू झाल्या. पहिला धडा सुरांचा नव्हताच, श्वासाचा होता. "शेजारीण श्वास घेते तेव्हा आपण घ्यायचा नाही. गाणं तुटता कामा नये." शकूबाईंनी सोपं करून टाकलं, "म्हंजी आडावर पानी शेंदतो तसं. एकीचा पोहरा वर, एकीचा खाली."

नगरच्या पहिल्या कार्यक्रमाला बाईंनी हट्टानं गुरूंनाच बोलावलं. ते पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. सुरुवात झकास झाली आणि मग आमची लय ढेपाळली, एक पुढं एक मागं होत गाणं पार कोसळलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी खूण करून थांबवलं, जवळ आल्या. शकूबाई कुजबुजल्या, "बाई, आमी तर तुमच्या उजव्या हाताकडंच बघत हुतो. सांगायचा हात उजवाच न्हाई का?"

बाईंनी खाली पाहिलं. सारा जन्म उजव्या हातानं तानपुरा छेडलेला आणि डाव्यानं ताल धरलेला. तानपुऱ्याचा तालाशी संबंध नसतो, तो आपल्या चालीनं झंकारत राहतो. आमच्या तालमीतही तो हातात असायचा, म्हणून कधी घोळ झाला नव्हता. इथं तानपुरा नव्हता, तरी डावा हात ताल दाखवत होता आणि उजव्याची बोटं मांडीपाशी नसलेल्या तारा छेडत होती. बाई भर रंगमंचावर खळखळून हसल्या. उजवा हात पदरात घट्ट गुंडाळला आणि म्हणाल्या, "चला, पहिल्यापासून." त्यानंतर आम्ही जे गायलो ते अजून अंगावर येतं. जाताना गुरू एवढंच म्हणाले, "कुठं तुटलं नाही." बाईंचे डोळे भरून आले.

पुढं गावोगाव कार्यक्रम झाले, पार राजूरपर्यंत. बाई समोर उभ्या राहायच्या त्या उजवा हात पदरात गुंडाळूनच.

गेल्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. गायला उभ्या राहिलो, पण समोर कोण? गाण्याचं मंडळ आता मोडणार, असं गावात बोललंही जात होतं. शकूबाई रांगेतून पुढं आल्या. "बाई न्हाईत म्हनून गानं थांबवायचं न्हाई." त्यांनी आयुष्यात तानपुऱ्याला हात लावलेला नाही. तरी उजवा हात त्यांनी पदरात गुंडाळला आणि डावा उचलला.

अर्ध्यावर मला हुंदका आला, आवाज गेला... शेजारीण गात होती. मी सावरले तर तिचा कंठ दाटला, मग मी गायले. आळीपाळीनं सगळ्याच रडलो. गाणं कुठं तुटलं नाही.