पाय थांबतील ते पुस्तक

गुरुलिंगप्पा मास्तरांना बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. तुळजापूरच्या मिडल स्कूलमध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची टोपी बसायची. मास्तर वर्गात चालत, व्हरांड्यात चालत, जेवणाच्या सुट्टीत भाकरीची गुंडाळी हातात धरून आवारातल्या लिंबाभोवती चालत. दुसऱ्या हातात पुस्तक असायचंच. मी नवा मुदर्रिस, म्हणजे शिक्षक, म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांना उभा राहून नमस्कार केला, तर ते तसेच पुढं निघून गेले. माणूस आढ्यताखोर दिसतो असं मी मनाशी म्हणतोय, तोवर लिंबाला वळसा घालून परत आले आणि म्हणाले, "नमस्कार. सोलापूरकडले का?" उत्तर ऐकायला पुन्हा एक फेरी.

ही चाल म्हणजे त्यांची परीक्षा होती, पुस्तकांची. राज्य निजामाचं, शाळेचा सगळा कारभार उर्दूत, मराठीच्या वाट्याला दिवसाचा एक तास आणि कपाटातला एक खण. त्या खणात काय ठेवायचं ते मास्तर ठरवत. वाचता वाचता पाय आपोआप थांबले तर ते पुस्तक पोरांचं. नाही थांबले तर "साकु" म्हणून मिटून टाकायचे. साकु म्हणजे कानडीत पुरे. मोठमोठ्या विद्वानांना मी त्यांच्या तोंडून साकु झालेलं ऐकलं आहे. एकदा मी विचारलं, पायांना काय कळतं हो साहित्यातलं? तर म्हणाले, "डोकं भिडंपोटी हो म्हनतंय. पाय भिडंचे न्हाईत."

शुक्रवारी शाळेला सुट्टी. मास्तर मोटारीनं सोलापूर गाठत आणि पुस्तकाच्या दुकानापुढच्या रस्त्यावर वाचत येरझाऱ्या घालत. पहिल्या खेपेला दुकानदाराला वाटलं, गडी पुस्तक घेऊन पळतोय. पुढं तो त्यांची टोपी गल्ल्याशेजारी ठेवून घेऊ लागला. मास्तरांना त्यात काही अपमान वाटला नाही. टोपीला बसायची सवयच होती, असं म्हणत.

पुस्तक कपाटात गेलं की पोरांना आधी सांगायचं, हे रचलेलं की घडलेलं. याबाबतीत मास्तर भलते कडक. कादंबरीला खरी हकिकत म्हणून खपवलं तर त्यांच्या लेखी ती चोरीच. ते म्हणत, "कादंबरीत लिहिनाराला दया येती. खऱ्या गोष्टीत कुनालाच येत न्हाय. पोरांना दोन्ही पायजे, पन कुठलं कुठलं ते ठावं पायजे." आणि पुस्तकाची प्रत एकच, वाचणारी पोरं पन्नास, म्हणून मास्तरांनी एक युक्ती काढली होती. पुस्तकाची शिवण उसवून त्याचे चार-पाच तुकडे करायचे, प्रत्येकाला जाड कागदाची पाठ लावायची आणि एकेक तुकडा पोरांत फिरता ठेवायचा. पहिला वाचला की दुसऱ्यासाठी थांबायचं. मला ही युक्ती तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

मग ते वाईट वर्ष आलं. इंग्रज गेला होता, निजाम होता, रझाकारांच्या नावानं गावं दारं लावून घेत होती. सोलापूरची मोटार बंद झाली. हद्दीपलीकडं निजामाशी लढायला निघालेल्या तरण्या पोरांचे कॅम्प उभे राहिले होते. त्या दिवसांत मास्तरांचं चालणं वाढलं, कुठल्याच पुस्तकानं पाय थांबत नव्हते. लिंबाखाली गोल वाट पडली होती.

महादू हा तामलवाडीचा पोरगा, नुकतं मिसरूड फुटू लागलेला. तो एका खलाशाची खरी हकिकत वाचत होता. त्यातला मुलगा पहाटे आईला न सांगता घर सोडतो, समुद्र गाठतो, देशोदेशी पराक्रम करतो. आमच्या भागात तळ्यापलीकडं पाणी कुणी पाहिलेलं नाही, तरी पोरं त्या पुस्तकानं वेडी झाली होती. शेवटचा तुकडा तापानं पडलेल्या एका पोराच्या घरी अडकला होता. महादू बाकीचं वाचून वाट बघत राहिला आणि एका सकाळी तोही कुणाला न सांगता नाहीसा झाला. कॅम्पात गेला, एवढं कानावर आलं.

त्याची आई पारूबाई तामलवाडीहून चालत शाळेत आली. रडली नाही. मास्तर व्हरांड्यात फेऱ्या घालत होते, त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"मास्तर, तुमच्या पुस्तकानं माझं लेकरू नेलं. येकलंच हाय मला."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्या खलाशाच्या गोष्टीचा शेवट त्यांना ठाऊक होता. बारा गावचं पाणी पिऊन तो घरी येतो, दार ठोठावतो, आणि उघडायला आई उरलेली नसते. नेमकं तेवढंच महादूच्या हाती पडलं नव्हतं. मास्तरांनी तापातल्या पोराच्या घरून तो तुकडा आणला, सदऱ्याच्या आत खोवला आणि मला म्हणाले, चला. नाक्यावरून जाण्यात अर्थ नव्हता. भर उन्हात आम्ही ज्वारीच्या रानांतून हद्द ओलांडली. प्रत्येक बांधावर मला वाटे, आता कुणी हटकणार. मला भीती वाटत होती हे लपवण्यात काही शहाणपण नाही. मास्तर मात्र पुढं, वाटभर स्वतःशी कानडीत भांडत.

महादू कॅम्पाच्या विहिरीवर भांडी घासत होता. मला वाटलं, मास्तर त्याला दोन ठेवून देतील. त्यांनी तुकडा पुढं केला. "शेवट वाच. मग काय करायचं ते कर."

पोरगं तिथंच उकिडवं बसून वाचत राहिलं. मास्तर विहिरीला फेऱ्या घालत राहिले. वाचून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं की हे घडलेलंच आहे ना. मास्तर हो म्हणाले. तो उठला, हात धुतले आणि आमच्यासोबत निघाला.

गोष्ट इथं संपली असती तर मास्तरांच्या तत्त्वाप्रमाणे ती कादंबरी झाली असती. महादू आईजवळ आठवडाभर राहिला आणि परत कॅम्पाला निघाला. या वेळी सांगून, तिच्या हातचे धपाटे बांधून घेऊन. पारूबाई पुन्हा शाळेत आली. आता तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"मास्तर, सांगून गेलेल्या पोराचं पुस्तक हाय का तुमच्यापाशी? असंल तर वाचून दावा."

मास्तरांनी खण उपसला. पळून गेलेले होते, हरवलेले होते, मेलेले होते. सांगून गेलेला आणि परत आलेला एक नव्हता. शेवटी त्यांनी हाताला येईल ते पुस्तक उघडलं, पानावर नजर लावली आणि सांगू लागले: एक पोरगा होता, आईचा आशीर्वाद घेऊन गेला, पावसाळा सरता सरता परत आला, दारात उभा राहून त्यानं हाक मारली. ते पुस्तक भूगोलाचं होतं, मला दिसत होतं. पारूबाईनं पदर सावरला. "हे घडल्यालं हाय का रचल्यालं?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "घडल्यालं हाय, अक्का."

ती गेली. त्यानंतर मास्तर कुणाशी नीट बोलेनात. पावसात भिजत तामलवाडीच्या वाटेवर दूरवर जाऊन यायचे. मी समजूत घालायला गेलो, एका आईला धीर दिला यात काय बिघडलं? ते माझ्यावर उखडले. "धीर न्हाय, खोटी साक्ष दिली म्या. पोरगं न्हाई आलं तर त्या बाईला काय तोंड दाखवू?" त्याच दिवसांत त्यांनी कपाटातली सगळी उसवलेली पुस्तकं दाभणानं पुन्हा शिवली. तेही उभ्यानंच. पोरं कुरकुरली, आता आमची पाळी कधी येणार म्हणून. तर म्हणाले, वाट बघा, पण सबंध वाचा.

भादव्यात सोलापूरकडून फौजा आल्या आणि निजामाचं राज्य संपलं. कॅम्पातली पोरं परतू लागली. सगळी परतली नाहीत. गावात कुणाकडं गूळ वाटला जात होता, कुणाकडं आक्रोश होता, कुणी भीतीनं घर सोडून चाललं होतं. मास्तरांना यातलं कशाचंच भान नव्हतं. ते शाळेच्या फाटकापासून लिंबापर्यंत आणि लिंबापासून फाटकापर्यंत चालत होते.

एका दुपारी फाटकात पारूबाई दिसली. एकटीच. मास्तर व्हरांड्यापाशी जागच्या जागी थांबले. मागून महादू आला, वाळलेला, दाढीचे खुंट वाढलेला, एका पायानं किंचित लंगडत. तिनं मास्तरांकडं बघून म्हटलं, "तुमच्या पुस्तकातल्यावानीच झालं बगा. दारातून हाक मारली."

मागं हात करून मास्तरांनी व्हरांड्याची पायरी चाचपली आणि खाली बसले. महादू धावत पुढं झाला, त्याला वाटलं मास्तरांना घेरी आली. त्यांनी त्याचा हात धरून ठेवला, सोडला नाही.

"आता खरं झालं," ते म्हणाले.