आधी पाहुणे, मग आत्या

आमच्या बेटावर भांडण ऐकायचं असेल तर कौतुक ऐकावं लागतं. घराघरात कायम कोणीतरी परकं माणूस उतरलेलं असतं, त्याच्यासमोर आवाज कसा चढवणार? म्हणून आई बाबांना गोड आवाजात म्हणते, "अहो, किती छान, आजही चपला घालूनच थेट आत." बाबा त्याहून गोड होऊन म्हणतात, "तू लादी पुसतेसच इतकी सुरेख, की पाय थांबत नाहीत." समोर बसलेला पाहुणा मान डोलावतो. काय प्रेमळ जोडपं आहे, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असतं. तो झोपायला गेला की आई भांडी जरा जोरात ठेवते, एवढंच.

लाँचमधून उतरलेल्याला रस्त्यावर ठेवायचं नाही, हा इथला जुना नेम. समुद्र कधी बिघडेल, परतीची लाँच कधी सुटेल, याचा भरवसा नसतो. ज्याने पहिलं दार उघडलं, त्याचा पाहुणा. आणि पाहुणा निघेपर्यंत दार उघडणाऱ्याने घर सोडायचं नाही.

धक्क्यापासून पहिलं दार माझ्या आत्याचं.

आत्या बोटींवर घालायच्या ताडपत्र्या शिवते. आतोबा गेल्यापासून तोच तिचा धंदा. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन आणि पलंग. पाहुणा आला की खिडकी त्याची, पलंग त्याचा, मशीन फरफटत स्वयंपाकघरात. मग आत्या ओट्यापाशी ताडपत्रीच्या गुंडाळीवर झोपते आणि सकाळी तिच्या केसांना मेणाचा वास येतो. लेकीचं लग्नसुद्धा तिने धक्क्यावरच उरकलं, कारण घरात एक विमा एजंट तापाने पडला होता. बाकी वऱ्हाड लेकीला पोचवायला पलीकडच्या किनाऱ्यावर, तिच्या सासरी गेलं. आत्या काढा उकळत बसली. त्या एजंटाने पुढे तिला विमा विकायचाही प्रयत्न केला.

मी तिला एकदा म्हटलं, "आत्या, तू दार उघडतेसच कशाला? नाही ऐकू आलं म्हणायचं."

"मशीन चालू असली की खरंच ऐकू येत नाही गं," ती म्हणाली. "म्हणून तर लाँच लागली की मी मशीन थांबवते."

अशा घरात पक्षीवाला उतरला. दुर्बीण, जाड तळव्यांचे बूट, आणि प्रत्येक वाक्याला "म्हणजे कसं की" जोडायची सवय. परदेशातून येणारे कुठलेसे पक्षी मोजायला आला होता. पक्षी मोजून झाले. मग पक्षी उडून गेले. पक्षीवाला राहिला.

चूक त्याची नव्हती. आमच्याकडे पाहुणा "निघतो" म्हणाला की यजमानाने "एवढ्यात?" म्हणायचं. तो पुन्हा "निघतो" म्हणतो, आपण पुन्हा "एवढ्यात?" तिसऱ्या वेळी तो पिशवी उचलतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकून डोळे पुसतो. बेटावरच्या तान्ह्या पोरालाही हे ठाऊक आहे. पक्षीवाल्याला कोण सांगणार? तो पहिल्या "एवढ्यात?"लाच विरघळायचा. "म्हणजे कसं की, तुम्ही एवढं म्हणताय तर..." आणि बूट काढायचा. आत्या हसून चहा टाकायला आत जायची. स्वयंपाकघरात येईपर्यंत ते हसू तसंच असायचं, तिथे आल्यावर भिंतीकडे तोंड करून ती ते उतरवायची.

त्यातच ताईचे, म्हणजे आत्याच्या लेकीचे, फोन सुरू झाले. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "आई, तू येतेस ना?"

"येते की."

"वाऱ्याचे महिने लागले की लाँच बंद होईल."

"त्याच्या आधीच येते."

"घरात कोणी आहे का?"

आत्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून ताईचा आवाज एकदम सपाट झाला. "आहे म्हणजे. बरं. पाहुण्यांची काळजी घे." बेटावरच वाढलेली पोर ती, कौतुकाने कुठे मारायचं हे तिला बरोबर ठाऊक.

बाबांनी दुकानात विषय काढला. तिथे लाँचवाला आणि दुकानदार दोघेही होते. एकमत ताबडतोब झालं, की पक्षीवाल्याला कोणीतरी सांगायला हवं.

"तुम्हीच सांगा," दुकानदार बाबांना म्हणाला. "तुमच्या शब्दाला वजन आहे."

"छे, तुमच्याइतकं गोड बोलणं आम्हाला कुठलं? तुम्ही सांगा."

"लाँचवाल्यांनी सांगावं. नेणार तेच."

लाँचवाला मिशीतून म्हणाला, "मी आणतो आणि नेतो. जा म्हणत नाही. भीड भिकेची बहीण, हे मला कळतं हो. पण माझा आजासुद्धा कुणाला जा म्हणाला नव्हता, तर मी कुठे सुरुवात करू?"

सगळ्यांनी एकमेकांची भरपूर स्तुती केली आणि आपापल्या घरी गेले.

शेवटच्या लाँचच्या सकाळी मी आत्याकडे दुपटी बांधून द्यायला गेले. तिची ट्रंक भरून तयार होती, स्वयंपाकघराच्या दाराआड, पाहुण्याच्या नजरेला पडू नये अशी. बाहेर वारा इतका उठला होता की खिडकीची तावदानं थडथडत होती. आत्या एकाच दुपट्याची घडी मोडत होती आणि पुन्हा घालत होती. म्हणाली, "तिला एकटीलाच निभवावं लागणार सगळं." एवढंच.

तेवढ्यात पक्षीवाला स्वयंपाकघराच्या दारात आला. पायात बूट, खांद्याला बॅग, गळ्यात दुर्बीण. मी ट्रंकेच्या कडीला हात घातला.

"म्हणजे कसं की," तो म्हणाला, "आज मी निघतो."

"एवढ्यात?" आत्या म्हणाली.

तिच्या तोंडून ते निघून गेलं. शपथेवर सांगते, तिने ते म्हटलं नाही, जिभेने परस्पर म्हटलं. शिंक आल्यासारखं. पक्षीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, उसासा टाकला आणि बॅग खाली ठेवली.

आत्या ताडपत्रीच्या गुंडाळीवर बसली. तिचे दोन्ही हात मांडीवर उपडे पडले होते. धक्क्यावरून लाँचचा भोंगा झाला.

"मला जायचंय हो," ती म्हणाली. अगदी साधं, कुणाचंही कौतुक न करता.

"कुठे?"

"लेकीकडे. बाळंतपणाला. तुम्ही आहात, म्हणून मला जाता येत नाही."

पक्षीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मी तुम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबलो. पक्षी जाऊन किती दिवस झाले. माझी आई रोज फोनवर विचारते, तुला तिथे कोणी बांधून ठेवलंय का?"

मग पक्षीवाल्याने एका हातात आपली बॅग घेतली, दुसऱ्या हातात आत्याची ट्रंक, आणि आम्ही पळत सुटलो.

धक्क्यावर अर्धं बेट जमलं होतं. लाँचमध्ये आजारी माणसं, दोन मास्तर, रिकामी पिंपं, कुणाची तरी शेळी. लाटा पायऱ्यांवर आपटत होत्या. लाँचवाल्याने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"एकच जागा आहे," तो म्हणाला. "खोटं सांगत नाही. वारा बघा."

"तुम्ही जा," पक्षीवाला आत्याला म्हणाला.

सगळे आत्याकडे बघू लागले. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. आधी पाहुणे. मी बाबांचे ओठ हलताना पाहिले, तेसुद्धा मनात तिच्या वतीने तेच म्हणत होते. आत्याने तोंड उघडलं. मिटलं. मग तिने ट्रंक त्याच्या हातातून घेतली आणि एक शब्द न बोलता लाँचमध्ये चढली. शेळीला बाजूला सारून बसली, आमच्याकडे पाठ करून.

लाँच सुटली. मग दुकानदार हळूच म्हणाला, "किती चटकन बसली हो. बरं झालं."

"फारच चटकन," दुसरं कोणीतरी म्हणालं. "छान झालं."

"हो ना," पक्षीवाला खुशीत म्हणाला, "खरंच छान झालं." आणि लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने सगळ्यांसमोर शिवी दिली.

बाबांनी त्याची बॅग उचलली. "चला आता. आमच्याकडे राहा." दुसरं काय म्हणणार? वाऱ्याचे महिने त्या क्षणी सुरू झाले होते, आणि आमच्या घरात एकच जादा पलंग आहे. माझा.

चौथ्या रात्री फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. आत्याने बाळाचं वजन सांगितलं, नाक कुणावर गेलं ते सांगितलं, मग आवाज खाली आणला. "पाहुणे जेवले का?"

आई फोन कानाशी धरून पक्षीवाल्याच्या ताटात वाढतच होती. "जेवतायत की, भरपूर," ती म्हणाली आणि आणखी एक डाव भात पुढे केला. "घ्या, लाजू नका."

पक्षीवाल्याने ताटावर हात आडवा धरला.

"म्हणजे कसं की," तो म्हणाला, "नको."

पहिल्याच आग्रहाला असं सरळ 'नको' आमच्या घरात कोणी म्हटलं नव्हतं; आईचा डाव तसाच हवेत राहिला. फोनमधून आत्या विचारत होती, "काय झालं? काय म्हणाले ते? अगं, बोल की."